शिलाईची उधारी

सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग, हातमागाचं कापड, प्लास्टिकऐवजी कागदाची पिशवी. शहरांतल्या छोट्या फॅशन लेबलांकडे आता ही भाषा सर्रास ऐकू येते, आणि ती ऐकू येते हे चांगलंच आहे. पण ही सगळी वर्णनं मालाची आहेत. त्या कपड्यापायी कुणाला किती सोसावं लागलं हे बरंचसं व्यवहारात ठरतं: किती नगांची ऑर्डर दिली, किती दिवसांत मागितली, शेवटच्या क्षणी डिझाइन किती वेळा बदललं आणि पैसे कधी चुकते केले. त्यामुळे एखाद्या लेबलच्या नैतिकतेची पहिली कसोटी त्याच्या पेमेंटच्या वहीवर लावावी, कापडाची चौकशी त्यानंतर करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवण्यात आली. वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या सकाळी कामावर बोलावण्यात आलं, कारण डोक्यावर डिलिव्हरीच्या तारखा होत्या. यातल्या काही कारखान्यांच्या सामाजिक तपासण्या आधी झालेल्या होत्या आणि कागदोपत्री त्या पारही पडल्या होत्या. इथे माल कोण शिवून घेत होतं, हे सिद्ध करण्यासाठी नंतर कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं आणि ऑर्डरचे कागद शोधावे लागले. त्यानंतर कारखान्यांच्या सुरक्षेसाठी झालेला ‘अकॉर्ड’ हा करार परिणामकारक ठरला, कारण तो ब्रँडांवर कायद्याने बंधनकारक होता आणि दुरुस्तीचा खर्च कारखान्याला झेपेल अशा अटींवर खरेदी करण्याचं बंधन त्यात होतं. सुरक्षेचा मार्ग शेवटी खरेदीच्या अटींतूनच निघाला. पण २०२० च्या टाळेबंदीत त्याच देशातल्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द झाल्या किंवा लांबणीवर पडल्या. शिवून तयार असलेला मालही त्यात होता. कापड कारखान्याने स्वतःच्या पैशाने भरलेलं असतं आणि ब्रँड माल रवाना झाल्यावर पैसे देतो. त्यामुळे सगळा धोका पुरवठादाराच्या आणि पर्यायाने कामगाराच्या माथी येतो.

हीच रचना छोट्या प्रमाणात आपल्याकडेही आहे. लेबल काम देतं जॉबवर्क घेणाऱ्याला, तो ते देतो पीस रेटवर शिवणाऱ्या कारागिराला, आणि काज-बटण, धागा कटिंग हे वस्तीतल्या बायकांच्या घरी जातं. वर नव्वद दिवसांची उधारी असेल तर खाली आठवड्याचा हिशेब आठवड्याला होत नाही. कायदा याबाबत मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट, ती प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत, आयकरातही मिळत नाही. पण तक्रार कोण करणार? ज्याच्याकडे चारच गिऱ्हाइकं आहेत तो त्यातल्या एकावर दावा लावत नाही. आणि घरी बसून बटणं लावणाऱ्या बाईची नोंदणी कुठेच नसते. म्हणूनच हा प्रश्न कायद्याइतकाच लेबल चालवणाऱ्याच्या दानतीचा आहे.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे, असं केलं तर कपडा महाग होतो. आकडेच मांडून पाहू. एका टी-शर्टला, सूतगिरणीतली आणि कटिंगमधली घट धरून, सरकीसकट फार तर एक किलो कापूस लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, म्हणजे किलोला ८१ रुपये, आणि बाजारात शेतकऱ्याला तेवढेही मिळतीलच असं नाही. त्यावर पंधरा टक्के जास्त दिले तर शर्टामागे बारा रुपये वाढतात. शिवणाऱ्याचा दर नगामागे आणखी वीस रुपयांनी वाढवला असं समजू. दोन्ही मिळून बत्तीस रुपये. बाराशे रुपयांच्या शर्टावर हे तीन टक्क्यांहूनही कमी आहेत. दुकानाचं भाडं, जाहिरात, परत आलेला माल आणि पडून राहिलेला माल निम्म्या किमतीत काढणारा सेल, किमतीचा मोठा वाटा इथे जातो. तेव्हा शेतकऱ्याला आणि कारागिराला नीट पैसे दिल्यामुळे कपडा परवडत नाही, हे कारण मला मान्य नाही. छोट्या लॉटमुळे किंमत चढते हे मात्र खरं. रंगवणारा पन्नास मीटरसाठी भट्टी लावायला तयार नसतो, आणि कटिंग टेबलावर कापडाचे थोडेच थर अंथरले तरी मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची मांडणी, आखायचा वेळ तेवढाच जातो. यावर उपाय म्हणून आधी ऑर्डर घेऊन मगच शिवावं, डिझाइनं कमी ठेवावीत आणि तीच वर्षानुवर्षं चालू ठेवावीत. त्यात सेल लावावा लागत नाही आणि कारागिराला पुढच्या महिन्याचं काम आज दिसतं.

म्हणजे सेंद्रिय कापसाला अर्थ नाही असं कुणी समजू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल आणि डोक्याच्याही वर गेलेली कपाशी, अशा अवस्थेत ती माणसं फवारत होती. निंबोळी अर्क, दशपर्णी, कामगंध सापळे यांवर पीक काढणारा शेतकरी किमान त्या धोक्यातून बाहेर पडतो. पण जमीन सेंद्रिय ठरायला साधारण तीन वर्षं लागतात, आणि त्या काळात उत्पन्न घटलं तरी वाढीव भाव मिळत नाही. तो काळ कोण सांभाळणार? इथेही प्रश्न पुन्हा पैसे कधी मिळणार याचाच आहे. नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबता येत नाही, हे २०२० मध्ये दिसलं. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानक संस्थेलाच भारतातला सुमारे वीस हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवलेला आढळला. त्यापेक्षा शेतकऱ्यांच्या गटाशी थेट आणि दीर्घ काळ बांधलेलं नातं जास्त भरवशाचं. गोव्यातलं ‘नो नॅस्टीज’ हे लेबल २०११ मध्ये सुरू झालं, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. त्याने ‘चेतना ऑर्गॅनिक’ या शेतकरी संघटनेचा कापूस आणि फेअरट्रेडची पद्धत धरली. फेअरट्रेडमध्ये भावाव्यतिरिक्त एक रक्कम शेतकरी गटाला मिळते आणि ती कशावर खर्च करायची हे सभासदच ठरवतात. मला यात कापडापेक्षा ही तरतूद महत्त्वाची वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. छोट्या लेबलांनी एवढं करून फरक तो काय पडणार, आणि छोटं म्हणजे चांगलं हे तरी कुणी ठरवलं? हे दुसरं म्हणणं मला पूर्ण पटतं. तिरुप्पूरची नोय्यल नदी एकट्या बड्या कंपनीने नासवली नाही. रंगवण्याच्या आणि ब्लीचिंगच्या शेकडो लहान-मोठ्या युनिटांनी मिळून नासवली. शेतीसाठी बांधलेल्या ओरत्तुपाळयम धरणात सांडपाणी साचलं आणि खालच्या शेतकऱ्यांनी ते पाणी नाकारलं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने युनिटं बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची सक्ती अमलात येऊ लागली. लहान युनिटावर तपासणी पोचत नाही, म्हणून तिथे कामगार आणि नदी दोन्ही जास्त असुरक्षित असतात. पण छोट्या लेबलकडे एक गोष्ट असते जी मोठ्याकडे नसते: त्याला आपला रंगारी, आपला कटिंग मास्टर आणि शिवणारी माणसं नावानिशी माहीत असतात. तीनशे नगांच्या ऑर्डरीला निम्मे पैसे आगाऊ देणं लाखो नगांच्या ब्रँडपेक्षा त्याला सोपं आहे. ते त्याने केलं नाही, तर छोटेपणाचं कौतुक करण्याचं मला कारण दिसत नाही.

लेबल चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. टॅगवर सेंद्रिय कापसाची टक्केवारी छापता, त्याच्याच खाली शिलाईचा नगामागचा दर आणि तो किती दिवसांत चुकता केला हेही छापा. दोन ओळींची शाई लागेल. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी असा कपडा घेताना काउंटरवर हे दोन आकडे मागा. उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच असू द्या.