तक्रार ऐकणारा मालक



अमेरिकेत पाऊल ठेवले तेव्हा आपण बहुतेक जण नोकरदार होतो. आज आपल्या अनेक कुटुंबांचे दवाखाने, दुकाने व संगणक-कंपन्या आहेत. पगाराचे धनादेश आता आपल्या सहीने निघतात, आणि कर्मचाऱ्याने दावा लावला तर काय, ही धास्तीही सोबत आली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यातील एका मदतनीस बाईंनी सांगितले की, एक सहकारी त्यांच्या उच्चारांची टिंगल करतो. ‘मनावर घेऊ नका’ असे म्हणून मी पुढचा रुग्ण बोलावला. थोड्याच दिवसांत त्या नोकरी सोडून गेल्या. दावा झाला नाही. झाला असता तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘मनावर घेऊ नका’ हे शब्द आपण स्वतः किती वेळा ऐकले होते, याचे मात्र शल्य राहिले.

रोग होण्यापूर्वीच प्रतिबंध करावा, हे तत्त्व येथेही लागू आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आज पंधरा वा अधिक कर्मचारी असलेल्या मालकास वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. अनेक राज्यांचे कायदे याहून लहान व्यवसायांनाही लागू होतात. सिॲटल शहराने २०२३ साली जातिभेदासही बंदी घातली. म्हणून तक्रार कोणाकडे करावी, हे लेखी कळवावे. चौकशी तत्परतेने व निःपक्षपातीपणे करावी. छळवणूक रोखण्यासाठी मालकाने घेतलेली वाजवी काळजी त्याच्या बचावात मोलाची ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालांनी दाखविले. तक्रारदारावर सूड मात्र कदापि उगवू नये. मूळ आरोप टिकला नाही, तरी सूडाचा दावा टिकू शकतो.

दुसरे पथ्य नोंदींचे. केसपेपरवर जे लिहिले नाही ते घडलेच नाही, असे आम्ही डॉक्टर मानतो. कामाचे तास, ताकीद, बडतर्फीचे कारण हे त्या-त्या वेळीच लिहावे. कायद्याने सूट दिलेली नसेल, तर आठवड्याच्या ४० तासांवरील कामास दीडपट वेतन द्यावे लागते. केवळ मासिक पगार ठरविल्याने ते टळत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी मालक, मजूर व सरकार यांना त्रिपक्षीय परिषदांत समोरासमोर बसविले. आपल्या लहानशा कचेरीत तेवढी एक खुर्ची कर्मचाऱ्यासाठी ठेवावी. वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. पण ऐकून घेण्याचे काम वकिलावर सोपविता येत नाही.