पेट्रोल भडकलं की अमेरिकेतली चाकांवरची घरं थांबतात का? आकडे वेगळंच सांगतात

जून २०२२. अमेरिकेत पेट्रोलच्या सरासरी दराने इतिहासात पहिल्यांदाच गॅलनला ५ डॉलरचा आकडा ओलांडला. पाठोपाठ डिझेल ५ डॉलर ८० सेंटच्याही वर गेलं. तेव्हा तिथल्या बातम्यांमध्ये एक चित्र हमखास दिसायचं. बसएवढी मोठी गाडी पंपावर उभी आहे, मीटर पळतोय आणि मालक कपाळाला हात लावून बघतोय.

ती गाडी म्हणजे आरव्ही. रिक्रिएशनल व्हेइकल. आपल्या भाषेत चाकांवरचं घर. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं. २०२१ च्या उद्योगाच्या पाहणीनुसार अमेरिकेत १ कोटी १२ लाख कुटुंबांकडे अशी गाडी होती.

पेट्रोल महागलं की "आता आरव्हीचा बाजार उठला" अशा पोस्ट दर वेळी फिरायला लागतात. ऐकायला पटतंही. पण मागच्या पन्नास वर्षांचे आकडे समोर ठेवले तर गोष्ट इतकी सरळ नाही.

५ डॉलर म्हणजे नेमके किती?

अमेरिकेचा एक गॅलन म्हणजे सुमारे ३.७८ लिटर. तेव्हा डॉलर साधारण ७८ रुपयांना होता. म्हणजे ५ डॉलर गॅलन हा भाव लिटरला १०३ रुपयांच्या आसपास पडतो. त्याच जून महिन्यात मुंबईत पेट्रोल १११ रुपयांच्या वर होतं. म्हणजे अमेरिकेतला विक्रमी भावसुद्धा मुंबईच्या भावापेक्षा स्वस्तच होता.

मग ओरड कशाची? त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण टॅक्सचं. अमेरिकेत केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकलाय. राज्यांचे कर वेगळे, पण एकूण भावात कराचा वाटा आपल्या मानाने कमीच आणि कच्च्या तेलाचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. त्यामुळे कच्चं तेल चढलं की पंपावरचा भावही लगेच चढतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कच्चं तेल पिंपाला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं. त्यात कोरोनानंतर अमेरिकेची तेल शुद्ध करायची क्षमता दिवसाला सुमारे १० लाख पिंपांनी घटली होती. जानेवारीत सव्वातीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जूनमध्ये ५ वर गेला तो असा.

दुसरं कारण मायलेजचं. इथेच आरव्हीचा खरा घोळ आहे.

ही गाडी तेल किती पिते?

आरव्हीचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक मोटरहोम, ज्यात इंजिन आणि घर एकाच गाडीत असतं. दुसरा ट्रेलर, ज्याला स्वतःचं इंजिन नसतं आणि जो पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचा असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आरव्हींमध्ये मोठा वाटा ट्रेलरचाच असतो, कारण ते स्वस्त पडतात.

बसच्या आकाराचं मोठं मोटरहोम एका गॅलनमध्ये ६ ते १० मैल जातं. ८ मैल धरले तर लिटरला जेमतेम ३.४ किलोमीटर. व्हॅनवर बांधलेलं छोटं मोटरहोम याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त देतं. ट्रेलरवाल्यांचं गणित वेगळं. एरवी गॅलनला २० मैल जाणारा ट्रक ट्रेलर जोडला की साधारण १० वर येतो.

वजन हे एक कारण झालं. पण हायवेवर जास्त इंधन खाते ती हवा. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो आणि आरव्ही म्हणजे पुढून उभी भिंतच. म्हणून भाव वाढले की जाणते मालक पहिल्यांदा ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करतात. ताशी ७० मैलांऐवजी ६० ने गेलं तर गाडी तीच, रस्ता तोच, पण तेल कमी लागतं.

आता हिशेब करू. शिकागोहून यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं, तिथे फिरायचं आणि परत यायचं, तर साधारण ३००० मैल होतात. ८ मैलांच्या मायलेजने ३७५ गॅलन लागतील. पेट्रोल ३ डॉलर असेल तर खर्च ११२५ डॉलर. ५ डॉलर असेल तर १८७५. फरक ७५० डॉलरचा.

७५० डॉलर काही कमी नाहीत. पण ज्याने लाखभर डॉलरची गाडी घेतलीय, तो एवढ्यासाठी ती विकायला काढेल का? बहुतेक जण काढत नाहीत. ते दुसरंच काहीतरी करतात.

भाव वाढले की लोक काय करतात?

सोपं आहे, लांब जात नाहीत. दोन हजार मैलांवरचा डोंगर सोडून दीडशे मैलांवरचा तलाव गाठतात. रोज नवं गाव करण्याऐवजी एकाच कॅम्पग्राउंडवर आठवडाभर मुक्काम ठोकतात. उभी असलेली आरव्ही पेट्रोल पीत नाही, हा तिचा मोठा गुण. कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी मिळाली तर जनरेटरही चालवावा लागत नाही.

शिवाय तेल महागतं तेव्हा विमानाचं तिकीटही महागतं. चौघांच्या कुटुंबाला विमान, भाड्याची कार, हॉटेल आणि तीन वेळचं बाहेरचं जेवण हे सगळं मोजावं लागतं. आरव्हीत राहणं आणि जेवणं दोन्ही गाडीतच. म्हणजे ज्याची गाडी आधीच दारात उभी आहे, त्याच्यासाठी महाग पेट्रोलमध्येही सुट्टी आवाक्यात राहते.

फक्त हा हिशेब गाडीची किंमत, विमा, देखभाल आणि पार्किंगचं भाडं बाजूला ठेवून केलेला असतो. २०२१ च्या त्याच पाहणीत दिसलं होतं की मालक आरव्ही वर्षातून साधारण २० दिवसच वापरतात. उरलेले ३४५ दिवस गाडी उभी असते आणि हप्ता मात्र चालूच असतो. खरी मेख इथे आहे.

मग विक्री कशाने पडते?

२०२१ मध्ये अमेरिकेत कारखान्यांतून ६ लाख २४० आरव्ही बाहेर पडल्या. हा आजवरचा विक्रम. कोरोनात विमान आणि हॉटेल नको झालं होतं, घरून काम चालू होतं आणि कर्ज स्वस्त होतं. २०२२ मध्ये पेट्रोलने विक्रम केला तेव्हा आकडा ४ लाख ९३ हजारांवर आला. "बघा, पेट्रोलने मारलं," असं म्हणायला वाव होता.

पण २०२२ च्या डिसेंबरपर्यंत पेट्रोल सव्वातीन डॉलरच्या खाली उतरलं. मग २०२३ मध्ये विक्री सावरायला हवी होती. झालं उलटंच. आकडा थेट ३ लाख १३ हजारांवर कोसळला. पेट्रोल स्वस्त झालं आणि बाजार आणखी पडला.

कारण होतं व्याज. महागाई रोखायला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. आरव्हीचं कर्ज घराच्या कर्जासारखं लांबलचक असतं, १५-२० वर्षांचंही. १ लाख डॉलर २० वर्षांसाठी ५ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता ६६० डॉलर बसतो. ९ टक्क्यांनी तोच ९०० होतो. महिन्याला २४० म्हणजे वर्षाला २८८० डॉलर जास्त. यलोस्टोनच्या एका ट्रिपमध्ये पेट्रोलने जेवढा फटका दिला असता, त्याच्या जवळपास चौपट. तोही दर वर्षी, गाडी जागची हलली नाही तरी.

व्याजाचा मार विक्रेत्यांनाही बसतो, कारण शोरूममधला माल तेही कर्जावरच भरतात. दर चढले की ते नवी ऑर्डर देणं थांबवतात. ज्यांना घ्यायची होती त्यातल्या अनेकांनी कोरोनातच घेऊन टाकली होती, हे आणखी एक कारण.

२००८ चीही गोष्ट अशीच. त्या जुलैमध्ये कच्चं तेल १४७ डॉलरवर आणि अमेरिकेतलं पेट्रोल ४ डॉलर ११ सेंटवर गेलं. वर्ष संपता संपता पेट्रोल २ डॉलरच्याही खाली आलं होतं. तरी २००६ मध्ये ३ लाख ९० हजार असलेली आरव्हींची संख्या २००९ मध्ये १ लाख ६५ हजारांवर घसरली. मार्च २००९ मध्ये फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन जुन्या कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. तेल उतरलं होतं, पण बँकांनी कर्ज देणं बंद केलं होतं.

मग तेलाने बाजार कधी बुडवलाच नाही?

बुडवला, १९७३ मध्ये. अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं तेव्हा. पण तेव्हा नुसता भाव वाढला नव्हता, पेट्रोल मिळतच नव्हतं. पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शनिवारी रात्रीपासून रविवारभर पंप बंद ठेवायचं आवाहन केलं. शनिवार-रविवारी फिरायला जाणाऱ्यांच्या गाडीचा जीवच त्या दोन दिवसांत. दोन वर्षांत आरव्हींचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं.

महाग पेट्रोलशी माणूस जमवून घेतो, ट्रिप छोटी करतो. पण परतीच्या वाटेवर पेट्रोल मिळेल की नाही याची खात्री नसेल तर तो निघतच नाही.

याची किंमत कोण मोजतं?

पहिलं नाव एल्खार्टचं. इंडियाना राज्यातल्या या छोट्या शहराला जगाची आरव्ही राजधानी म्हणतात. अमेरिकेतल्या ८० टक्क्यांहून जास्त आरव्ही याच पट्ट्यात बनतात. थॉर आणि फॉरेस्ट रिव्हर या बड्या कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत. इथे अनेक कामगारांना किती गाड्या उतरल्या त्यावर पैसे मिळतात. मागणी असली की पगार भरघोस, मंदी आली की आठवड्यातले दोन-तीन दिवस कारखाना बंद.

२००९ च्या फेब्रुवारीत बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर महिन्याभरातच एल्खार्टला गेले. कारण तिथली बेरोजगारी १५ टक्क्यांच्या वर गेली होती. पुढे ती २० टक्क्यांच्या जवळ पोचली. एकाच धंद्यावर उभं असलेलं गाव त्या धंद्याबरोबर कसं बुडतं, याचं हे उदाहरण होतं.

दुसरे लोक म्हणजे ज्यांच्यासाठी आरव्ही ही हौस नाही, घरच आहे. २०२१ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळालेला 'नोमॅडलँड' ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लोक आठवतील. घरभाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारे, हंगामी कामांच्या मागे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे, बरेचसे पेन्शनवर जगणारे.

यांना "ट्रिप छोटी करा" म्हणून भागत नाही, कारण काम जिथे आहे तिथे जावंच लागतं. शिवाय केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो, पण बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपुरताच. नंतर गाडी लांब हलवावीच लागते. म्हणजे फुकटच्या जागेलाही पेट्रोल लागतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हंगामभर एकाच भागात राहण्याचा परवाना मिळतो. त्याची फी अनेक वर्षं १८० डॉलर होती. दर भडकले की असे परवाने अशा लोकांचा मोठा आधार ठरतात.

पेन्शनचंही तेच. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची वाढ वर्षातून एकदा, जानेवारीत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती ५.९ टक्के मिळाली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत पेट्रोल ५० टक्क्यांच्या आसपास वाढलं. पुढची ८.७ टक्क्यांची वाढ आली थेट जानेवारी २०२३ मध्ये. तेव्हा पेट्रोल उतरलेलं होतं. गरज होती तेव्हा पैसे नव्हते.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. पण आपल्याकडे अशी गाडी विकत घेणारे थोडे, भाड्याने घेणारे जास्त. भाड्याने घेणाऱ्याला हप्त्याची चिंता नसते, पण किलोमीटरमागचा खर्च थेट बिलात दिसतो. अमेरिकेतली जी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात आरव्ही भाड्याने घेऊन नॅशनल पार्क करतात, त्यांचंही तसंच. दिवसाचं भाडं स्वस्त दिसलं तरी मैलांचे पैसे आणि पेट्रोल वेगळं मोजायला लागतं. बुकिंग करण्याआधी एकूण मैल भागिले मायलेज गुणिले पेट्रोलचा भाव एवढं गणित केलं तरी पुढचा धक्का टळतो.

म्हणून पुढच्या वेळी पेट्रोलचा भाव चढला आणि "आरव्हीचा धंदा संपला" अशी पोस्ट समोर आली, तर आधी दोन गोष्टी बघायच्या. पंपावर पेट्रोल मिळतंय का, आणि कर्जाचा व्याजदर किती आहे. पेट्रोल मिळत असेल आणि व्याज आवाक्यात असेल, तर गाड्या जवळच्या तलावापर्यंत का होईना, निघतीलच. भावाचा खरा चटका बसेल तो ज्यांना गाडीतच राहायचं आहे आणि पंधरा दिवसांनी जागा बदलायचीच आहे, त्यांना.