यंत्र मालकाचे, भाषा कंपनीची

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाल्याचा गाजावाजा झाला. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आणि सिन्नरकडचे भराव ज्यांच्या हातांनी उभे राहिले, त्या पोकलेन व जेसीबीच्या चालकांचा उल्लेख त्यात नव्हता. तो असेल अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. आता नाशिकमध्ये सिंहस्थाच्या कामांची घाई आहे. या चालकांपुढे आणि लहान यंत्रमालकांपुढे जी एक अडचण वारंवार उभी राहते, ती वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटते. म्हणूनच चळवळीने तिच्याकडे लक्ष दिलेले नाही.

अडचण अशी की, चालू यंत्राच्या पडद्यावर तांबडा दिवा लागतो, एक आकडा उमटतो, इंजिनाचा जोर आपोआप घटतो किंवा यंत्र जागीच थांबते. इंजिन शाबूत असते, पंप शाबूत असतो, टाकीत डिझेल असते. बिघडलेले असते ते यंत्राच्या अवयवांचे आपसातील संभाषण.

आजच्या यंत्रात इंजिन, गिअर, हायड्रॉलिक पंप आणि चालकापुढचा पडदा यांना आपापला नियंत्रक, म्हणजे एक छोटा संगणक असतो. हे नियंत्रक पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकमेकांना निरोप पाठवतात. ‘कॅन’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत बॉश या जर्मन कंपनीने १९८३ मध्ये विकसित करावयास घेतली आणि १९८६ मध्ये जगापुढे मांडली. नाशिककर ज्या कारखान्याला अजून ‘मायको’ म्हणतात, तो सातपूरचा कारखाना याच कंपनीचा आहे. दोन्ही तारांवर एरवी सुमारे अडीच व्होल्ट दाब असतो. निरोप जाताना एकीवरचा साडेतीनपर्यंत चढतो आणि दुसरीवरचा दीडपर्यंत उतरतो. ऐकणारा नियंत्रक या दोहोंतला फरक तेवढा वाचतो, त्यामुळे बाहेरून आलेला विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडून निष्प्रभ होतो. निरोप टोकाला आदळून परत फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध बसवलेला असतो.

निदानाची पहिली पायरी या रोधातूनच सुरू होते. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये साधे मीटर लावले तर ६० ओहम दिसले पाहिजेत, कारण १२० चे दोन रोध समांतर आहेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध निकामी झाला आहे किंवा वाटेत तार तुटली आहे. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रोध जोडून ठेवला आहे. शून्याच्या आसपास काटा गेला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग एकेक नियंत्रक सोडवत जावे आणि आकडा कोठे सुधारतो ते पाहावे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला येणारे हे गणित आहे. पडद्यावरच्या आकड्याने मात्र पुष्कळांची फसगत होते. निरोप मिळाला नाही अशी तक्रार जो नियंत्रक करतो तो बहुधा निर्दोष असतो, आणि नेमका तोच बदलला जातो. ज्याचा निरोप आला नाही त्याच्याकडे, आणि त्याच्याही आधी त्याच्या वीजपुरवठ्याकडे, अर्थिंगकडे व जोडणीकडे पाहावयास हवे असते.

हे बिघाड येतात कोठून? इगतपुरीच्या पावसात जोडण्यांत पाणी शिरते आणि पिना गंजतात. ब्रेकरने कातळ फोडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तारांचे आवरण पत्र्यावर घासून उघडे पडते. बकेटचा दात तुटला की बॅटरी न सोडता तेथल्या तेथे वेल्डिंग होते आणि त्या प्रवाहाने नियंत्रक जळतो. उंदीर तर आहेतच. यातील बहुतेक गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. पण रोजच्या घाईत त्या टाळायला वेळ मिळत नाही आणि त्या टाळाव्यात हे चालकाला कोणी शिकवलेले नसते.

मीटरने जेवढे कळते तेवढे कोणीही करू शकतो. पुढचा दरवाजा मात्र कुलूपबंद आहे. अवजड यंत्रांतील निरोपांसाठी ‘जे १९३९’ हे मानक आहे. ते गुप्त नाही, दाम मोजून मिळते. परंतु त्याच मानकाने उत्पादकाला स्वतःचे खाजगी निरोप ठेवण्याची मुभा दिली आहे. त्या निरोपांचा अर्थ, नवा नियंत्रक यंत्राला ओळख करून देण्याचा संकेत आणि दुरुस्तीनंतर आकडा पुसण्याचा अधिकार कंपनीच्या संगणकात राहतो. कर्ज काढून यंत्र घेणारा मालक कागदोपत्री मालक असतो. त्याच्या यंत्राची भाषा त्याच्या मालकीची नसते. कंपनीचा माणूस येईपर्यंत भाडे बुडते, हप्ता थांबत नाही. आवाज ऐकून आणि हात लावून इंजिनाचा दोष सांगणारा द्वारका परिसरातला मिस्त्री आपल्याच धंद्यात अडाणी ठरतो. उत्पादनाचे साधन आणि त्याचे ज्ञान यांची अशी फारकत होणे हा अर्थशास्त्राचाही विषय आहे.

कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज चार आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज पाच ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. नियंत्रकात मनमानी फेरफार करू दिले तर ती धाब्यावर बसेल. परंतु दोष वाचणे वेगळे आणि इंजिनाचे नियम बदलणे वेगळे. दुसऱ्याला बंदी असावी म्हणून पहिल्यालाही कुलूप लावणे हा युक्तिवाद ग्राह्य धरता येत नाही.

आपल्याकडे याविषयी काहीच झाले नाही असे नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावून सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीदारांना देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाईल, गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे ठेवली. बांधकाम यंत्रे त्यात नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी उपयोगाची खरेदी वगळतो. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला तो संरक्षण देतो, पण पगारी चालक ठेवला की वाद उभा राहतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांपुरता हा हक्क कायद्याने दिला आहे. तेथील शेतकरी संघटित होते, हे त्याचे एक कारण.

दिल्लीतील कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. सिंहस्थाची कामे सरकारी पैशातून होत आहेत. कामावरील यंत्रांची निदानपुस्तिका व दोष वाचण्याचे साधन मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला उपलब्ध असावे, अशी अट निविदेत घालणे राज्य सरकारच्या हाती आहे. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संध्याकाळचा वर्ग काढून कामावरच्या मिस्त्रींना मीटर आणि दोन तारांचे हे काम शिकवता येईल. आणि यंत्र बंद राहिलेल्या दिवसाचा चालकाचा पगार कोणी द्यावयाचा, हे भाडेकरारात लिहून घेण्याची मागणी नाशिकच्या कार्यकर्त्यांनी याच हंगामात लावून धरली पाहिजे. कारण आज तो दिवस निमूटपणे चालकाच्या खात्यावर टाकला जातो.