साहित्य कोणते, हे ठरवणार कोण?

संगणकावरचा खेळ म्हणजे साहित्य काय, असा प्रश्न निघाला की प्रस्थापित समीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. या आठ्या आम्हाला नव्या नाहीत. जलशांच्या आणि आत्मकथनांच्या वाट्याला त्या येऊन गेल्या आहेत.

छापील पुस्तक पडद्यावर आणले म्हणून ते इलेक्ट्रॉनिक साहित्य होत नाही. संगणक बाजूला काढला तर जे उरतच नाही, ते या नावाला पात्र. मायकेल जॉइस यांच्या 'आफ्टरनून' (१९८७) या कथेत वाचक ज्या शब्दाला हात लावील तशी वाट फुटते. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, क्राउदर आणि वुड्स यांचा 'ॲडव्हेंचर' हा खेळ आला. त्यात चित्र एकही नाही. वाचायचे, आज्ञा टंकायची आणि गुहेत पुढे सरकायचे. यात खेळ कुठे संपतो आणि कथा कुठे सुरू होते, हे पंडितांनीच सांगावे!

२००९ साली ख्रिस क्लिमस यांनी ट्वाइन हे साधन फुकट खुले केले. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्यात अशी कथा रचता येते. अमेरिकेत ते हाती घेणाऱ्यांत ट्रान्स लेखिका पुढे होत्या. त्यांतल्या पोर्पेंटाइन २०१७ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या प्रदर्शनात पोहोचल्या. लेखन आधी, मान्यता मागून!

चाहत्यांच्या लेखनावर आक्षेप असा, की त्यातली पात्रे उसनी असतात. असतील. आमची कितीतरी भीमगीते सिनेमाच्या चालीवर बांधली गेली. चाल उसनी, पण विचार कुणाचा होता? अशा लेखनाच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला २०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मात्र नुसत्या मान्यतेने पोट भरत नाही. २०२०च्या अखेरीस ॲडोबीने फ्लॅश बंद केले आणि त्यावर रचलेल्या कविता, कथा, खेळ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. अभ्यासकांनी संग्रहात घेतलेल्या कृतींपैकी अनेक पुढे रफल या साधनाने उघडल्या. खेळ मात्र मुख्यतः हौशी चाहत्यांनीच वाचवले, फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पात. साहित्याचा शिक्का मिळेपर्यंत ते थांबले नाहीत.

आमच्या वस्त्यांतली मुले मोबाइलवर जे रचतात, त्याच्या मूळ फाइली आज कुणाकडे आहेत? जयंतीच्या स्मरणिकेसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी त्याच वर्गणीतून एक हार्डडिस्क घ्यावी आणि यंदापासूनच हे काम सुरू करावे.