खुर्चीत बसवलेल्यांचा स्कोअर





दिवाळीच्या फराळानंतर एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही सहा-सात जण पूल खेळत होतो. (बेसमेंट, पूल टेबल आणि चिवडा. आपल्या उपनगरी सुखाला आणखी काय हवे?) तिथे भिंतीवर पूलच्या दिग्गजांची एक जुनी फ्रेम आहे. राल्फ ग्रीनलीफ, विली मोस्कोनी, ल्यूथर लॅसिटर, मिनेसोटा फॅट्स वगैरे मंडळी. बोलता बोलता आपल्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला. बारावीला 90 टक्क्यांच्या खाली गुण असलेल्या मुलांचे अर्ज यापुढे वाचूच नयेत, असा ठराव येत्या वार्षिक सभेत येणार आहे हे आपणांस ठाऊक आहेच. मित्राने क्यूला खडू लावता लावता त्या फ्रेमकडे बोट केले आणि म्हणाला, "हे बघ. इथे कोटा नाही, वशिला नाही. बॉल पॉकेटात गेला की गेला. निखळ मेरिट! आपणही तेच करूया."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो आणि पुढचा सोपा शॉटही हुकवला. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम मित्राचे जे बरोबर आहे ते मान्य करतो. पूल हा खरोखरच निष्ठुर खेळ आहे. मोस्कोनीने 1941 ते 1957 या काळात 15 वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्याचा खेळ होता स्ट्रेट पूल. टेबलावर 15 बॉल असतात, कोणता बॉल कोणत्या पॉकेटात घालणार ते आधी सांगायचे, प्रत्येक बॉलला एक गुण. 14 बॉल गेले की ते पुन्हा मांडायचे आणि खेळ तसाच चालू ठेवायचा. चुकेपर्यंत टेबल तुमचे. 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये मोस्कोनीने न चुकता सलग 526 बॉल घातले. हा विक्रम मोडायला 65 वर्षे लागली. 2019 मध्ये जॉन श्मिटने 626 केले. या माणसांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही.

पण त्याच फ्रेममधले मिनेसोटा फॅट्स पाहा. या गृहस्थांचे खरे नाव रुडॉल्फ वॉन्डरोन. 1961 साली 'द हसलर' हा चित्रपट आला. त्यातल्या मिनेसोटा फॅट्स या पात्रावरून यांनी स्वतःचे नाव ठेवले आणि 'ते पात्र म्हणजे मीच' असे जन्मभर सांगितले. मोठ्या स्पर्धेचे एकही विजेतेपद नावावर नाही. 1978 मध्ये टेलिव्हिजनवर मोस्कोनीशी गाठ पडली तेव्हा हरले. तरीही अमेरिकेत रस्त्यावरच्या माणसाला विचाराल तर मोस्कोनीआधी फॅट्सचेच नाव निघायचे. म्हणजे निखळ मेरिटच्या भिंतीवर निदान एक खिळा तरी प्रसिद्धीने ठोकलेला आहे. असो. हा दोष किरकोळ आहे. मला बोलायचे आहे ते त्या फ्रेममध्ये नसलेल्या माणसाबद्दल.

पीएच.डी. करत असताना आमच्या विभागाच्या वर्कशॉपमध्ये एक वयस्कर कृष्णवर्णीय मशिनिस्ट होते. माझ्या उपकरणाचे भाग तेच करून द्यायचे. स्टुडंट युनियनच्या तळघरात मला क्यू धरायलाही त्यांनीच शिकवले. मी एकदा त्यांना विचारले, सर्वांत मोठा खेळाडू कोण? ते म्हणाले, "सिसेरो मर्फी." मी हे नाव कधी ऐकले नव्हते.

जेम्स सिसेरो मर्फी, जन्म 1935, ब्रुकलिन. 1959 ते 1964 अशी सलग वर्षे ईस्टर्न स्टेट्सचे स्ट्रेट पूलचे अजिंक्यपद याच्याकडे. एवढे झाल्यावर जागतिक स्पर्धेचे बोलावणे यायला हवे ना? आले नाही. कातडीचा रंग आड आला. 1965 साली ही वर्णबंदी उठली आणि त्याला कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या जागतिक निमंत्रितांच्या स्पर्धेत खेळू दिले. पहिल्याच प्रयत्नात तो ती जिंकला! पूलचे जागतिक विजेतेपद मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन.

आता माझ्या व्यवसायाच्या भाषेत बोलतो. 1965 च्या आधीच्या विजेत्यांची यादी ही 'जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी' नाही. ती 'ज्यांना खेळू दिले त्यांच्यातल्या सर्वोत्तमांची यादी' आहे. आम्ही याला सिलेक्शन बायस म्हणतो. नमुना निवडतानाच अर्धी माणसे बाहेर ठेवायची, आणि मग निष्कर्ष काढायचा की गुणवत्ता फक्त आत असलेल्यांकडेच आहे! माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असा पेपर लिहिला तर मी तो पहिल्या पानावरूनच परत करीन.

स्ट्रेट पूलमध्ये एक गोष्ट फार बोलकी आहे. एक जण खेळत असतो तेव्हा दुसरा खुर्चीत बसून असतो. त्याच्या हातात क्यू असतो, पण तो काहीही करू शकत नाही. फळ्यावर त्याच्यापुढे शून्य दिसते. ते शून्य त्याच्या कौशल्याचे माप नसते, त्याला टेबल मिळाले नाही एवढेच ते सांगते. मर्फीच्या आधी किती मर्फी आयुष्यभर खुर्चीतच बसून राहिले, याचा आकडा कुठल्याही विक्रमांच्या पुस्तकात मिळणार नाही.

"पण शेवटी जिंकलाच ना! मेरिट झाकून राहत नाही," असे मित्र म्हणेल. हा युक्तिवाद मी आपल्याकडे शंभरदा ऐकला आहे, बाबासाहेबांचे नाव घेऊनसुद्धा. पण आपल्याला मर्फी दिसतो तो टिकून राहिला म्हणून. पंचविशीत कंटाळून क्यू खुंटीला टांगला आणि गोदीत कामाला लागला, असा माणूस दिसणार कसा? अपवाद दाखवून नियम न्याय्य होता असे सिद्ध होत नाही.

पुढे आणखी दोन वेळा हे दार किलकिले झाले. ब्रुकलिनचीच जीन बालुकास. नऊ वर्षांची असताना यू.एस. ओपनमध्ये उतरली आणि 1972 ते 1978 सलग सात वेळा स्त्रियांची विजेती ठरली. नंतर पुरुषांच्या स्पर्धांतही खेळली. 1988 मध्ये वादानंतर तिने व्यावसायिक खेळ सोडला, तेव्हा तिशीही उलटली नव्हती. बेसमेंटच्या फ्रेममध्ये ती नाही. तिथे एकही बाई नाही.

आणि एफ्रेन रेयेस. फिलिपिन्सच्या पाम्पांगा प्रांतात 1954 साली जन्म. पाचव्या वर्षी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राहायला आला. हात टेबलापर्यंत पोचत नसे म्हणून कोका-कोलाच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा, रात्री टेबलावरच झोपायचा. त्याच्यासाठी दार नियमाने बंद नव्हते, पण मध्ये पॅसिफिक महासागर होता आणि खिसा रिकामा होता. 1985 मध्ये तो ह्यूस्टनला आला, तेही कोणी ओळखू नये म्हणून 'सेझार मोरालेस' या नावाने, आणि भल्याभल्यांना हरवून गेला. 1994 साली त्याने यू.एस. ओपन नाइन-बॉल जिंकली. त्याआधी ती एकाही परदेशी खेळाडूने जिंकली नव्हती. 1999 मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचे आणि 2004 मध्ये एट-बॉलचे जागतिक विजेतेपद. पूलच्या दोन प्रकारांत जगज्जेता झालेला तो पहिला खेळाडू. आज अनेक जाणकार त्याला सार्वकालिक सर्वश्रेष्ठ मानतात.

गंमत पाहा. ज्या 1994 साली एका फिलिपिनो माणसाने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली, त्याच साली मोस्कोनी कप सुरू झाला. खेळातली सर्वांत गाजणारी सांघिक स्पर्धा, पण फक्त अमेरिका विरुद्ध युरोप! आशिया विरुद्ध युरोप असा रेयेसच्या नावाचा कप मनिलात सुरू व्हायला ऑक्टोबर 2024 उजाडले. मधली तीस वर्षे मोस्कोनी कप पाहून 'जगातले सर्वोत्तम' ठरवणाऱ्याला मनिला दिसलेच नाही. आणि 2025 साली जेद्दाहमध्ये जगज्जेता कोण झाला? फिलिपिन्सचा कार्लो बियाडो. अंतिम सामन्यात त्याने फेडोर गोर्स्टला 15-13 असे हरवले. हा गोर्स्ट जन्माने मॉस्कोचा, आता अमेरिकेकडून खेळतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच इमिग्रंट.

आता जरा आपल्याकडे वळतो. मर्फी जिंकला ते 1965 साल. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याआधी 1946 पासून भारताचा कोटा होता वर्षाला 100 माणसे. होय, कोटा! 1964 सालचा मुंबईचा इंजिनिअर 1969 सालच्या इंजिनिअरपेक्षा मठ्ठ होता का? नव्हता. त्याला टेबल मिळाले नव्हते, एवढेच. आणि ते दार उघडले त्यामागे ज्या नागरी हक्क चळवळीचा रेटा होता, तिच्यासाठी तुरुंगात गेलेल्यांत, पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्यांत आपले काका-मामा नव्हते. मर्फीचे भाऊबंद होते. त्यांच्या लढ्याने उघडलेल्या दारातून आत यायचे, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली तेव्हा 'आता मेरिटला न्याय मिळाला' म्हणून पेढे वाटायचे! आपल्यापैकी काहींनी ते वाटले. मी खाल्ला नाही, पण बोललोही नाही.

माझे स्वतःचे मेरिट सांगतो. बारावीला 94 टक्के. त्यात पुण्यातले दोन क्लास, आत्याच्या घरची स्वतंत्र खोली, आणि गणित अडले की शिकवायला प्राध्यापक वडील. एम.एस्सी.ला माझा रूममेट बीड जिल्ह्यातला, बारावीला 81 टक्के. सकाळी 'कमवा आणि शिका'चे काम करून मग तो प्रॅक्टिकलला यायचा आणि माझ्या सर्किटमधली चूक काढून द्यायचा. दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले, तो शेतावर परतला तो परतलाच. आपल्या नव्या ठरावाप्रमाणे त्याचा अर्ज कोणी उघडलाही नसता. माझा मात्र उघडला असता, आणि मला त्या पैशांची गरज नव्हती.

"मग काय, कुणालाही वाटायचे?" नाही. बॉल पॉकेटात गेलाच पाहिजे. मर्फीने कुणाकडे फुकटचे गुण मागितले नव्हते, त्याला फक्त टेबल हवे होते. माझी सूचना तशीच साधी आहे. 90 टक्क्यांची अट काढा. विद्यार्थ्याचे गुण त्याच्याच कॉलेजातल्या इतर मुलांच्या तुलनेत पाहा. आईवडिलांचे शिक्षण, क्लासची फी, कॉलेजचे अंतर, शिकताना काम करावे लागते का, हे अर्जात विचारा. तरीही विश्वास बसत नसेल तर प्रयोग करा. निम्म्या शिष्यवृत्त्या ठरावाप्रमाणे द्या, निम्म्या माझ्या पद्धतीने. तीन वर्षांनी कोण कुठे पोचले ते मोजा. निकाल माझ्याविरुद्ध गेला तर मी इथेच तसे लिहून मोकळा होईन.

मित्राच्या फ्रेमविषयी माझी तक्रार नाही. मोस्कोनी भिंतीवर राहू दे, तो तिथे शोभतो. मात्र सभेत हात वर करण्यापूर्वी एकदा आठवा की आपणही काही काळ खुर्चीत बसवलेले लोक होतो, आणि कुणीतरी उठून आपल्याला टेबल मिळवून दिले. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांनी मला जरूर लिहावे. उत्तर देईन, आणि या वेळी गप्प बसणार नाही.

आपला,
शिष्यवृत्ती समितीचा एक सभासद