ओपीडीत एवढी गर्दी, मग त्या पेशंटचा डेटा जातो कुठे?

सर्दी-तापासाठी तुम्ही शेवटचं डॉक्टरकडे कधी गेला होतात? त्या भेटीचा कागद आज कुठे आहे? बहुतेक घरातल्या एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत. नाहीतर कुठेच नाही.

ॲडमिट झालेल्या पेशंटची फाइल हॉस्पिटलकडे राहते. ओपीडीत मात्र चिठ्ठी पेशंटसोबत घरी जाते. त्यामुळे लोक नेमके कशाने आजारी पडतात, हे शोधणं अवघड होतं.

एका दिवसाची मोजणी

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक मार्ग काढला. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या सात हजारांहून अधिक डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या पेशंटच्या तक्रारी नोंदवल्या. ८८० शहरं-गावांतल्या दोन लाखांहून अधिक पेशंटची माहिती जमली. निम्म्याहून जास्त जणांना श्वसनाशी संबंधित त्रास होता.

पण हे चित्र फेब्रुवारीतल्या एका दिवसाचं. पावसाळ्यातला डेंग्यू त्यात कसा दिसणार?

अडतं कुठे?

वेळ: २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार भारतात डॉक्टर एका पेशंटला सरासरी सुमारे २ मिनिटं देतात. तेवढ्यात तपासायचं की फॉर्म भरायचा? आणि संमती नीट समजावून कधी घ्यायची?

पाठपुरावा: बरं वाटलं की पेशंट परत येत नाही. नाही वाटलं, तर दुसरा डॉक्टर गाठतो. संशोधकांसाठी दोघंही सारखेच 'गायब'.

आठवण: घरोघरी जाऊन विचारलं, तर लोक विसरलेले असतात. म्हणूनच २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ॲडमिट झाल्याबद्दल वर्षभराचं विचारलं, पण ओपीडीबद्दल फक्त मागच्या १५ दिवसांचं.

'आभा'ने प्रश्न सुटेल?

२०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मिशनमुळे अनेक ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर निघतो. रांगेतला वेळ वाचतो. पण नोंदणी झाली म्हणजे निदानाची नोंद झाली असं नाही. ते कुणीतरी टाईप करावं लागतं, आणि ती २ मिनिटं तेवढीच आहेत. शिवाय टीबी किंवा मानसिक आजाराची माहिती बाहेर फुटली तर, ही भीतीही खरी आहे.

डेटा नसेल, तर कुठल्या भागात कुठलं औषध किती लागेल, हे अंदाजानेच ठरतं. त्याची किंमत पेशंटच मोजतो.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना औषधासोबत आजाराचं नावही लिहून द्यायला सांगा. आणि तो कागद जपून ठेवा.