मचाणावर पाय कुठे टेकवाल?

धानाच्या लोंब्या भरल्या की चंद्रपूर-गडचिरोलीत रानडुकरांपायी रात्ररात्र जागल करावी लागते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, मचाण मात्र राखणीसाठी राहिले. ते बांधताना बुडाची सोय सगळे बघतात, पाय लोंबकळतच राहतात. काठाचा बांबू मांडीखाली रुततो, पायांना मुंग्या येतात आणि नेमका उतरताना तोल जातो. खर्चिक काहीच नको. बैठकीखाली, गुडघा काटकोनात येईल अशा बेताने, भरीव मानवेल बांबू आडवा टाका. दोन्ही टोके नायलॉनच्या दोरीने करकचून आवळा आणि अंधार पडण्याआधी पूर्ण भार देऊन बघा. गेल्या वर्षीचा, भुंगा लागलेला बांबू वापरू नका. आणि कमरेचा दोर खोडाला बांधल्याशिवाय डुलकी घेऊ नका.